खाटांबरोबर शिकवणारेही मोजा

१९५२ च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओने श्वास बंद पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. रुग्णाला आत झोपवून श्वास देणारी मोठी लोखंडी टाकी एकच होती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा भरायला सुरुवात केली. पण अशी पिशवी रात्रंदिवस दाबणार कोण? सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्महिने रुग्णांच्या उशाशी बसले. मृत्यूचे प्रमाण आधी निम्म्यावर आणि मग आणखी खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी त्याच शहरात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथली मानतात. म्हणजे शिकणारा डॉक्टर या विभागात पहिल्या दिवसापासून आहे.

मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. फरोख उदवाडिया यांनी हेच काम धनुर्वाताच्या रुग्णांवर केले. १५० रुग्णांचा त्यांचा अनुभव १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी रुग्णालयातल्या त्या खाटांभोवती निवासी डॉक्टर शिकले, हे त्या कामाचे मोल मला उपचारांइतकेच मोठे वाटते.

कोविडमध्ये सगळे व्हेंटिलेटर मोजत होते. ते आलेही, पण चालवणारे प्रशिक्षित हात नसल्याने कित्येक ठिकाणी पडून राहिले. त्याच काळात एप्रिल २०२१ ची नीट-पीजी ही पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षा सप्टेंबरवर गेली आणि प्रवेशफेऱ्या जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाल्या. नवी तुकडी नाही, म्हणून जुन्यांवर दुहेरी ड्यूटी. शस्त्रक्रिया शिकायला आलेली मुलेमुली कोविड कक्षात अडकली, आणि ते गेलेले महिने त्यांना कोणी परत दिले नाहीत.

ताण आला की सर्वांत आधी शिकवण्यावर गदा येते. राउंड उरकला जातो आणि नळी घालण्याचे काम वेळ वाचवायला ज्येष्ठच करून टाकतो. त्या दिवशी रुग्णाचे काही बिघडत नाही. बिघडते ते चार-पाच वर्षांनी जिल्हा रुग्णालयात, जिथे मध्यरात्री एकटा उभा असलेला डॉक्टर ते काम पहिल्यांदाच करत असतो.

म्हणून आयसीयूच्या खाटा वाढवणाऱ्या प्रत्येक शासन निर्णयात खाटांच्या आकड्याशेजारी अध्यापकांची पदे आणि निवासी डॉक्टरांचे ड्यूटीबाहेरचे शिकण्याचे तासही लिहिलेले असावेत, आणि साथ आली तरी ते तास कुणाला काढून घेता येऊ नयेत.