टीडीएस कमी म्हणजे पाणी चांगले?



आमच्या पारशिवनी तालुक्यात आता पाण्याची परीक्षा पेनाएवढ्या मीटरवर होते. मीटर पेल्यात बुडवायचा आणि आकडा वाचायचा. दोनशेच्या आत आला की पाणी 'एक नंबर'. आरओ विकणारा त्याच्याही पुढे जातो. तो पाण्यात लोखंडी कांड्या बुडवून वीज सोडतो, बघता बघता पाणी तांबूस गढूळ होते आणि घरचे लोक हबकतात. तो गाळ पाण्यातला नसतो, कांड्यांच्या लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षारच नाममात्र, त्यामुळे त्यातून वीज फारशी वाहत नाही आणि ते नितळ राहते. इतका साधा हा खेळ आहे.

मीटर खोटा नाही. पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून तो विरघळलेल्या क्षारांचा (टीडीएस) अंदाज देतो. भारतीय मानकाप्रमाणे हे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालते. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात या आकड्यावर पिण्याचे पाणी आणि शेती दोन्ही अवलंबून आहेत. नदीची क्षारता आधीच सांगणारी संगणकीय गणिते जगभर मांडली जात आहेत, ती तिथल्या पूर्णा नदीच्या खोऱ्याला हवीच आहेत. आमच्याकडेही क्षार मोजायलाच हवेत. तालुक्यातल्या नांदगावच्या, वीजकेंद्राच्या राखेच्या तलावाचा प्रश्न २०२२ मध्ये इतका पेटला होता की तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांना तिथे यावे लागले. पण क्षार कमी म्हणून पाणी निर्धोक, हा निकाल कोणी दिला?

मानकाची दुसरी अट अशी की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू एकही सापडता कामा नये. तो गुरांच्या आणि माणसांच्या आतड्यातून येतो. मीटरला तो दिसत नाही. पेंच-कन्हानच्या काठच्या गावांत उन्हाळाभर ढोरं डोहात बसतात, आखरावर शेणाचा थर साचतो, उकिरडे बहुधा नाल्याच्या उतारालाच असतात. मिरगाचा पहिला दणका बसला की हे सगळे नदीत. गोमूत्रातून येणारा लेप्टोस्पायरा हा जिवाणूही त्यातच. गंमत अशी की पुराच्या पाण्याने क्षार पातळ होतात. म्हणजे ज्या दिवसांत जंतूंचा धोका सर्वांत जास्त, नेमका त्याच दिवसांत टीडीएसचा आकडा छान दिसतो!

कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे २००० मध्ये हेच झाले. मुसळधार पावसाने शेणखतातले जंतू गावच्या उथळ विहिरीत उतरले, सात माणसे दगावली, दोन हजारांवर आजारी पडली. क्लोरीन पुरेसे पडत नव्हते आणि त्याच्या नोंदी खोट्या लिहिल्या जात होत्या. ज्या गोठ्याचे ते शेणखत होते त्याच्या मालकाला चौकशीत दोष दिला गेला नाही, हे मुद्दाम सांगतो. कारण हा विषय निघाला की आपल्याकडे पहिले बोट गायकीकडे, म्हणजे गुराख्याकडे जाते. गुरांना पाणी पाजायला दुसरी जागा नसेल तर तो त्यांना नेणार कुठे? पोळ्याला बैलही नदीवरच धुतले जाणार.

आपल्याकडे व्यवस्था नाही असे नाही. ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्रोतांवरून लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते, जलसुरक्षक टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे पाहणारी ओटी टेस्ट घेतो. पण टीसीएल उघड्या पोत्यात महिनोन्‌महिने पडून राहिले की त्यातला क्लोरीन उडून जातो. ओटीचा पिवळा रंग टाकीजवळच्या नळाला बघून उपयोग नाही, तो गावाच्या शेवटच्या नळाला दिसला पाहिजे. जंतूंच्या तपासणीला तर एक-दोन दिवस लागतात. निकाल येईपर्यंत पाणी पिऊन झालेले असते.

म्हणून अंदाज हवा तो जंतूंचा. अमेरिकेत ईरी सरोवराच्या काठी पाऊस, लाटा आणि गढूळपणा यांवरून त्या दिवशी ई. कोलाय किती असेल याचा अंदाज सकाळीच जाहीर होतो. नागपुरात नीरी आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आमच्यापासून दोन्ही तासाभराच्या वाटेवर. एकाला पाणी कळते, दुसऱ्याला जनावर. दोघांनी मिळून पेंचच्या काठची चार गावे निवडावीत आणि सलग दोन पावसाळे पाऊस, गढूळपणा व जंतू यांच्या नोंदी ठेवाव्यात. जंतू गुरांचे की माणसांचे, हेही तपासावे. नाहीतर उघड्या गटारांचे पाप शेणावर ढकलले जाईल.

तोवर पंचायत समितीने एवढे करावे: गावाच्या वरच्या अंगाला गुरांसाठी हौद बांधावेत, नाल्यालगतचे उकिरडे मिरगाआधी हलवावेत आणि शेवटच्या नळाची ओटी टेस्ट तारखेसह ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लिहावी. ज्या दिवशी टेस्ट झाली नाही, त्या दिवसाची जागा कोरी ठेवावी.

— एक वाचक, पारशिवनी (जि. नागपूर)