दगड उपाशी हातातला नसतो

हैदराबादेत कोठीच्या फुटपाथवर स्पर्धापरीक्षांच्या जुन्या गाइडांचे ढीग दिसले, की आमचे एक स्नेही हमखास म्हणतात, "या पोरांना नोकऱ्या द्या, नाहीतर गाव पेटेल." कुठे काही पेटलंच, तर दुसऱ्या दिवशीचे अग्रलेखही तेच सांगतात : बेकारी, वैफल्य, उद्रेक. मला हे निदान पटत नाही.

वैफल्याने माणूस पेटत असता, तर विदर्भातला कापसाचा शेतकरी केव्हाच पेटला असता. त्याने औषधाची बाटली स्वतःच्याच तोंडाला लावली. खरी निराशा घरात बसते, मोर्चाला येत नाही. आणि भूक? 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात कुणब्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. दुष्काळ त्यानंतरच्या वर्षी आला, लाखो माणसं घेऊन गेला; पण सुप्याचं लोण तेव्हा गावोगाव पसरलं नाही. (कुणी वासुदेव बळवंत फडक्यांचं नाव घेईल. त्यांचं बंड 1879चं, दुष्काळ ओसरल्यावरचं.) सुप्याच्या आधी अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस चढला, तेव्हा दख्खनेत सावकाराने सढळ हाताने कर्ज दिलं होतं. मग भाव पडले, सारा वाढला, सावकाराचा हात आखडला. वाढलेलं ताट ओढून नेल्याचा तो राग होता. म्हणून कागद हाती पडला, की सावकाराच्या अंगाला बहुधा कुणी हात लावला नाही.

कोठीचंच पाहा. 17 जुलै 1857, शुक्रवार. तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्यामागून रोहिले इथल्या ब्रिटिश रेसिडेन्सीवर चालून गेले. मक्का मशिदीतून धर्माची हाक आली होती, हे खरं. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण निमित्त होतं बुलढाण्याहून आलेल्या चिदा खान जमादाराचं. दिल्लीवर चालून जायला नकार देऊन तो साथीदारांसह हैदराबादेत आला, तर निजामाच्या दिवाणाने, सालारजंगाने, त्याला धरून रेसिडेंटच्या हवाली केलं. रोहिलेही काही कफल्लक नव्हते. शिपाईगिरी, सावकारी, वसुली हे त्यांचे धंदे. 1853मध्ये फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं, त्याच साली दिवाण झालेल्या सालारजंगाने अरब-रोहिल्यांना लगाम घालायला सुरुवात केली. चालता धंदा आवळला गेला होता. मोर्चा त्यांनी बांधला तोही अब्बन साहेब आणि जयगोपालदास यांच्या घरांतून, रेसिडेन्सीच्या अगदी समोर. चवताळलेला जमाव पत्ता चुकत नाही.

1969च्या तेलंगण आंदोलनात पोरांनी अन्न मागितलं नव्हतं. तेलंगण आंध्रात विलीन होताना, 1956च्या 'सभ्य लोकांच्या करारा'त कबूल केलेल्या नोकऱ्या मागितल्या होत्या. 17 जून 2022 रोजी सिकंदराबाद स्टेशनात डबे जळले, गोळीबारात एक तरुण गेला. त्या जमावातले कितीतरी जण लष्करभरतीची धाव आणि वैद्यकीय तपासणी पार करून लेखी परीक्षेची वाट पाहत होते, आणि मधेच अग्निपथ योजना आली, जुनी भरती रद्द झाली. रेल्वेचा भरतीशी काय संबंध? काही नाही. दिल्लीचं सरकार त्यांच्या हाती लागत होतं ते तिथेच, एवढंच. जाळपोळीचं समर्थन मी करत नाही. पण जो अर्धी परीक्षा उत्तीर्ण आहे, त्याला 'निराश बेकार' म्हणणं म्हणजे त्याचं येणं बुडवून वर त्यालाच आजारी ठरवणं.

"मग नोकऱ्या नकोतच का?" स्नेही विचारतात. हव्यात. पण हिशेब मागायला दार आहे की नाही, हेही बघा. तेलंगणच्या राज्यसेवेतल्या ग्रुप-1च्या 503 जागांची जाहिरात एप्रिल 2022मध्ये निघाली. पूर्वपरीक्षा एकदा पेपरफुटीने रद्द झाली, दुसऱ्यांदा उच्च न्यायालयाने रद्द केली. कबुली इथेही मोडलीच होती. पोरांनी धरणं धरलं, ती कोर्टात गेली, पण गाडी जळली नाही. नोव्हेंबर 2023मध्ये मतदान होतं, डिसेंबरात सरकार बदललं. रोहिल्यांपुढे रेसिडेन्सीचा दरवाजा तेवढा होता.