सातबाऱ्यावरचा आकार



मागे इंदापूरकडे एका वस्तीवर मातीचे नमुने घेत होतो. घरच्या आजींनी सातबारा पुढं केला. "साहेब, शेजाऱ्याचं रान तेवढंच, मग आमचा आकार कमी कसा?"

याचं उत्तर पार १८३५ सालात आहे. त्याआधी प्रिंगल नावाच्या साहेबानं निव्वळ उत्पन्नाच्या शंभरात पंचावन्न सरकारचे, असा सारा बसवला. हिशेब कागदावर चोख, पण मोजणीत लाच आणि लबाडी. त्यात धान्याचे भाव पडले. इंदापुरात रानं पड पडली, माणसं गाव सोडून गेली.

मग आला हेन्री गोल्डस्मिड, विलायतेहून १८३२ साली आलेला मुलकी नोकर. वय अवघं तेवीस. साहेब म्हटला की आपल्याला घोडा आणि शिकारीची बंदूक आठवते. याचं नाव मात्र राहिलं ते मोजणीच्या साखळीमुळं. जोडीला इंजिनियर विंगेट. उत्पन्नाच्या अंदाजाचा नाद सोडून त्यांनी मागं खरा वसूल किती झाला ते पाहिलं. एका बैलजोडीला झेपेल तेवढ्या रानाचा एक नंबर पाडला, हद्दीला दगड रोवले. तेहतीस फुटांची साखळी चौरस टाकली की एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. ते माप आपण अजून वापरतो. माती काळी, तांबडी की बरड हे बघायचं, खोली हातानं मोजायची. पावणेदोन हात काळी लागली की पहिला वर्ग. चुनखड, वाळू, उतार असला की वर्ग खाली.

सारा तीस वर्षं कायम. मधे कुणी स्वखर्चानं विहीर पाडली तरी वाढ नाही. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. पड रानं पुन्हा नांगराखाली आली.

गोल्डस्मिड १८५५ साली कैरोत वारला, बेचाळीस वर्षांचा. १८६५ साली डिकसळला त्याच्या नावानं धर्मशाळा उघडली. मुदत सरताच, १८६७ साली, इंदापूरचा सारा सरकारनं वाढवला. कापसाचे भाव त्याआधीच कोसळू लागले होते, कर्ज फुगलं आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांचे रोखे जळाले.

आजींच्या रानात खड्डा घेतला. अर्ध्या हातावर मुरूम. शेजारच्या बांधापलीकडं दोन हात काळी. आजी म्हणाल्या, "म्हंजे त्या साहेबानं बी हेच बघितलं व्हय!"