लठ्ठपणा : वजनकाट्याला न दिसणारी चरबी

दिल्लीच्या करोल बागेत हकीम अजमल खान यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया महाविद्यालय आहे. १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. या परिसराची आजची ख्याती मात्र सराफी पेढ्या, लग्नाची खरेदी आणि छोले-भटुरे यांमुळे अधिक आहे. उपचार आणि आहार यांच्या या शेजारात लठ्ठपणाचा प्रश्न नव्याने तपासण्याजोगा ठरतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार दिल्लीतील ४१.३ टक्के महिला आणि ३८ टक्के पुरुष अतिवजनाचे वा लठ्ठ आहेत. देशाची सरासरी अनुक्रमे २४ आणि २२.९ टक्के आहे. २३ फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. तेलाचा मुद्दा योग्यच आहे. परंतु लठ्ठ कोणाला म्हणावे, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात वजन सांगणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के आढळली. पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. या हलक्या बालकांत स्नायू कमी असले, तरी चरबी त्या मानाने टिकून होती. मातेच्या पोषणाचा आणि भावी मधुमेहाचा संबंध यातून पुढे आला.

हा विचार आपल्या परंपरेला अगदीच अपरिचित नाही. चरकसंहितेने अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचीही गणना आठ निंद्य पुरुषांत केली, हे खरे. मात्र स्थौल्याच्या कारणांत अतिआहार आणि व्यायामाचा अभाव यांबरोबरच बीजस्वभाव, म्हणजे आनुवंशिकताही सांगितली. समाजाने निंदा तेवढी लक्षात ठेवली, कारणे विसरली. एकीकडे गुटगुटीत बाळाचे आणि ‘खात्यापित्या घरच्या’ माणसाचे कौतुक होते. दुसरीकडे विवाह जुळवताना जाड मुलीला नकार मिळतो. सडपातळ शरीरात दडलेली पोटावरची चरबी मात्र दोन्हींतून निसटते. सराफ केवळ वजनावरून सोन्याची शुद्धता ठरवत नाही. शरीराबाबतही तोच विवेक हवा.

भारतीयांसाठी पुरुषांच्या कमरेचा घेर ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरहून अधिक असणे धोक्याचे मानले जाते. त्यासाठी साधी मोजपट्टी पुरते. टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही औषधे वजन घटवण्यासाठी २०२५ मध्ये भारतीय बाजारात आली. पण गर्भवतीचे पोषण, परवडणारी भाजी-फळे आणि चालण्यायोग्य रस्ते यांना ती पर्याय ठरू शकत नाहीत. करोल बागेतील अजमल खान रस्त्याचा काही भाग २०१९ मध्ये पादचाऱ्यांसाठी राखण्यात आला. त्याचा हेतू वाहनांची कोंडी हटवण्याचा होता. तथापि, आरोग्यधोरणालाही अशाच उपायांची गरज आहे. लठ्ठपणा हा केवळ व्यक्तीचा दोष मानला, तर उपचाराची जागा उपहास घेतो, आणि सडपातळ दिसणारा रुग्ण तपासणीविनाच राहतो.