जीवदानाची हौस

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढ्यात असताना माशाची गोष्ट काढणे काही घरांत अप्रशस्त समजले जाईल, हे मी जाणून आहे. पण मी ज्या माशाविषयी लिहीत आहे तो खाण्याचा नव्हे. तेव्हा शाकाहारी वाचकांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. किंबहुना तो मासा कोणी खात नाही, हीच माझी तक्रार आहे.

गळ टाकून मासा पकडायचा, ओढून काठाशी आणायचा, तोलायचा, मोजायचा, छातीशी धरून त्याच्यासह छायाचित्र काढून घ्यायचे, आणि मग मोठ्या वात्सल्याने त्याला पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे, असा एक खेळ आपल्याकडे प्रतिष्ठा पावला आहे. गळाची शिकार हा खेळ म्हणून साहेबाने इथे रुजवला. मद्रास इलाख्यातील सनदी नोकर एच. एस. थॉमस याने 1873 साली हिंदुस्थानातल्या या शिकारीवर अख्खा ग्रंथ लिहिला आणि महासीर माशाचे भरपूर गुणगान केले. साहेब मात्र मासा मिळाला म्हणजे मारून मोकळा होई. सोडून देण्याचे व्रत त्याच्या मागून आलेल्यांचे.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास चांगल्या नोकरीवर आहे. सुटीत दारव्ह्यास आला म्हणजे मला भेटल्यावाचून जात नाही. गेल्या खेपेस त्याने मोबाइलवर चित्रफीत दाखवली. धरणाच्या पाण्यात गुडघाभर उभा राहून तो हातभर लांबीच्या माशाशी झुंजत होता. मासा ओढी, हा ढील देई. मासा थके, हा दोरी गुंडाळी. शेवटी मासा हातात आला, त्याच्या ओठातून गळ निघाला, आणि शेपटीचा फटकारा मारून तो दिसेनासा झाला. “सर, मी एकही मासा मारत नाही. सगळे सोडून देतो,” तो म्हणाला. पंढरीची वारी करून आलेल्या माणसाच्या तोंडावरही इतके समाधान मी पाहिलेले नाही. इथवर मी ऐकून घेतले असते. पण पुढे तो म्हणाला, “आपल्याकडच्या भोयांनी हे शिकलं पाहिजे. ते सरसकट मारतात.” हा लेख त्या वाक्याचे उत्तर आहे.

गळ टाकण्यात आनंद नसतो, असे मी म्हणणार नाही. वेळूची काठी, दोऱ्याला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा, गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी. एवढ्या भांडवलावर आमच्या अडाण नदीच्या काठी पोरे भर दुपारी तासन्‌तास गप्प बसतात, आणि हीच पोरे वर्गात दहा मिनिटे गप्प बसत नाहीत. धांडा थरथरतो, एकदा बुडतो, वर येतो, पुन्हा खाली जातो. त्या वेळी मनगटात जो झटका बसतो, त्याची गोडी वादातीत आहे. तिच्यावर माझा मुळीच रोष नाही. माझा रोष आहे तो मौजेला दया म्हणण्यावर.

ही मौज कशाची आहे, ते नीट पाहावे. जाळे ओढणाऱ्या भोयाला माशाची तडफड नको असते. ती जितकी लवकर संपेल तितकी त्याला हवी, कारण तडफडीत जाळे फाटते. गळाच्या खेळाडूला मात्र तीच तडफड हवी असते. मासा मुकाट वर आला तर त्याचा दिवस फुकट जातो. अर्धा तास झुंजला तर तो चार लोकांत सांगण्याचा विषय होतो. कुस्तीत दोन्ही मल्लांना ठाऊक असते की ही कुस्ती आहे. इथे एकाला खेळ ठाऊक असतो, आणि दुसऱ्याला वाटत असते की आपला जीव जातो आहे. शेवटी त्याला सोडले म्हणून मधला अर्धा तास पुसला जात नाही.

माशाला वेदना होते का, हा वाद शास्त्रज्ञांत अजून चालूच आहे. पण एका बाजूचे पारडे बरेच जड झाले आहे. 2003 साली लिन स्नेडन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांसह ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचे दाखवून दिले. ओठात आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत राहिले आणि बराच वेळ अन्नाकडे फिरकले नाहीत. गळ लागतो तो नेमका तिथेच. स्वित्झर्लंडने तर 2008 च्या प्राणिसंरक्षण नियमावलीत, सोडून देण्याच्या हेतूनेच मासा पकडणे निषिद्ध ठरवले. खाण्यासाठी पकडा, पण निव्वळ खेळण्यासाठी नको, असा तिथला हिशेब. आमच्या गावच्या एका भोयाने हाच कायदा नियमावली न वाचता सांगितला. मी त्याला ती चित्रफितीची हकिगत ऐकवली तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, सोडूनच द्याचं हाये त धरता कायले?”

आता प्रतिपक्षाचे जे सबळ म्हणणे आहे, ते टाळून चालणार नाही. काळजीपूर्वक सोडलेले मासे बहुतेक जगतात, हे खरे. गळाला उलटा काटा नसावा, हात ओले असावेत म्हणजे माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही, आणि छायाचित्रासाठी त्याला उन्हात तिष्ठत ठेवू नये, हे सारे जाणते लोक पाळतात. मात्र पाणी जितके ऊन, तितका त्यातला प्राणवायू कमी. आमच्याकडे वैशाखात पारा 43 अंशांवर चढतो आणि धरणाचे पाणी तळाशी जाते, तेव्हा दमलेला मासा सोडला तरी सावरेलच, याची हमी कोणी द्यावी? गळ घशात खोल गेला असेल तर बोलायलाच नको.

याहून मोठे म्हणणे असे की, हे गळवालेच नद्यांचे राखणदार आहेत. कावेरीच्या काठी भीमेश्वरी, गालिबोरे, दोड्डमक्कळी येथे त्यांचे तळ होते. पूर्वी चोरून मासे मारणारी माणसे तिथे वाटाडे म्हणून कामाला लागली, सुरुंग लावून मासे मारण्यावर पहारा बसला. वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात पकडणे ही शिकारच, असे ठरून 2012 साली ते तळ बंद झाले, तेव्हा पहाराही उठला. हे नुकसानच झाले, मी मान्य करतो. पण त्याच कावेरीची दुसरी कथा ऐका. शास्त्रज्ञ ज्याला ‘टॉर खुद्री’ म्हणतात तो महासीर आपल्या मुळा-मुठेतला. 1839 साली कर्नल साईक्सने तिथूनच त्याचे वर्णन शास्त्रात नेले. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीजकंपनीने गेल्या शतकाच्या आठव्या दशकात त्याची पैदास सुरू केली, आणि मासा वाचावा या चांगल्या हेतूने त्याची पिले दूरदूरच्या पाण्यांत सोडली गेली. कावेरीतही गेली. कावेरीचा स्वतःचा महासीर निराळाच होता, पाठीला कुबड, परांना नारिंगी झाक. आपला मासा तिथे माजला आणि तो कुबडा मासा मागे हटला. 2018 साली जागतिक यादीत तो नष्ट होण्याच्या अगदी कडेवर असल्याची नोंद झाली. त्याला शास्त्रीय नावही नीट लागले ते त्याच साली. ही पडझड उघडकीस आली ती गळवाल्यांच्याच नोंदवह्यांतून, हे त्यांच्या पदरात घालायला हवे. पण त्या वह्या भरल्या जात होत्या, तेव्हा जो मासा झुंजतो तो चांगला, तो कोणत्या नदीचा हे नंतर पाहू, अशीच एकूण वृत्ती होती.

राखण करायची तर गळ लागतोच, असेही नाही. रायगड जिल्ह्यात महाडच्या बाजूस काळ नदीवर वाळण कोंड आहे. काठावर वरदायिनीचे देऊळ. त्या डोहातले महासीर देवीचे म्हणून कोणी धरीत नाही. लोक चुरमुरे टाकतात, मोठमोठे मासे वर येतात, बघणाऱ्यांची पोरे टाळ्या पिटतात. वाडा तालुक्यातल्या तिळसे येथे वैतरणेच्या पात्रातही शंकराच्या देवळाशी तसेच. तिथल्या माशांचे वजन कोणी केलेले नाही, आणि त्यावाचून कोणाचे अडलेले नाही. देवाचे भय ही काही शास्त्रीय गोष्ट नव्हे, असे माझा विद्यार्थी म्हणेल. न का असेना.

राहता राहिले भोई. त्यांच्यात सारे साधू आहेत, असे मी म्हणत नाही. विजेची तार पाण्यात टाकणारे, बारीक जाळ्याने अंड्यावरचे मासेही खरवडून नेणारे लोक आहेत, आणि त्यांना शासन झालेच पाहिजे. ते नदीचे चोर आहेत, मग त्यांची जात कोणतीही असो. परंतु ज्याच्या चुलीवर मरळ किंवा वाम शिजते, ज्याची बायको उरलेले मासे पाटीत घालून बाजाराला बसते, त्याला हजारोंची काठी घेऊन आलेल्या माणसाने भूतदया शिकवावी, हे मला सहन होत नाही. भोयाने धरलेल्या माशाचा निदान काही उपयोग झालेला असतो.

शिवाय भोई मासे सोडत नाही, हे सांगितले कोणी? आमच्या भागातल्या मच्छीमारांच्या सहकारी संस्था तलावांचे ठेके घेतात, आणि पावसाळ्यात पाणी भरले की रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली विकत आणून त्यात सोडतात. पुढच्या उन्हाळ्यात हाती लागणारा मासा हा असा आधी पदरमोड करून सोडलेला असतो. पाऊस दगा देईल, तळे आटेल, तर सोडलेले सारे बुडाले. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. विचारल्यावर म्हणाला, बोटुकली यायची होती, रात्रभर तळ्यावर जागत होतो.

विद्यार्थ्याला मी पत्र लिहिले आहे. श्रावणात रजा काढून ये. तलावावर बोटुकली सोडायच्या वेळी हात कमी पडतात. तुझी सोडण्याची हौस तिथे पुरती फिटेल. पिशव्या आधी बराच वेळ पाण्यावर तरंगत ठेवाव्या लागतात, म्हणजे आतले आणि बाहेरचे पाणी सारखे होते. मग तोंड उघडून तळ्याचे पाणी थोडथोडे आत घ्यायचे, आणि पिले आपली आपण बाहेर पडेतो थांबायचे. घाई केली तर मरतात. छायाचित्र काढण्याजोगे काही मिळणार नाही. ती बोटाएवढीच असतात आणि गढूळ पाण्यात लगेच दिसेनाशी होतात. मुक्कामाला माझे घर आहे.