आम्ही पाहुणे नव्हतो

गेले दोन वीकेंड रिलीजने खाल्ले, म्हणून इथे काही खरडलं नाही. आज मात्र बरेच दिवस पोटात असलेली मळमळ बाहेर काढतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये मी आणि माझा कॉलेजातला मित्र पाच दिवस बार्सिलोनाला गेलो होतो. समुद्राकाठच्या बार्सेलोनेता वस्तीत एका जुन्या इमारतीत फ्लॅट घेतला. हॉटेलपेक्षा स्वस्त, शिवाय स्वयंपाकघर, म्हणजे खिचडीची सोय! शहर झक्कास आहे, यात वादच नाही. मेर्से उत्सवाचे दिवस होते. चौकात माणसांचे उंच मनोरे, रात्री सैतानाच्या वेषात ठिणग्या उडवत नाचणारी पोरं. आम्हीही नाचलो.

पण पोचलो त्या रात्रीचं सांगतो. विमान उशिरा आलं. लिफ्ट नाही. साडेबारा वाजता अरुंद जिन्यातून बॅगा धाडधाड आपटत चढलो आणि चुकीच्या दाराला किल्ली लावून खटपट करत बसलो. दार उघडलं. आत गाऊनमधली एक आजी. तिने आमच्याकडे बघितलं, बोटाने वरचा मजला दाखवला आणि दार लावून घेतलं. एक शब्द नाही. हे तिचं नेहमीचं असावं.

सकाळी तिच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी, टुरिस्ट फ्लॅटच्या विरोधातला फलक दिसला. मित्र भडकला. "आपल्या पैशावर जगायचं आणि वर हा माज!"

आता गंमत बघा. हा मित्र गोव्याचा. दर डिसेंबरात फोनवर त्याचं रडगाणं ठरलेलं. शेजारचं घर विकलं गेलं, तिथे व्हिला झाला, दर शनिवारी नवी टोळी, पहाटेपर्यंत गाणी, आईला झोप नाही. मी एवढंच म्हटलं, "अरे, ती खालची आजी म्हणजे तुझी आई. आणि ती टोळी म्हणजे आपण." साहेब तासभर माझ्याशी बोलले नाहीत.

तुम्ही म्हणाल, पर्यटनावर शहर चालतं, मग तक्रार कसली? चालतं ना. पण पैसे मिळतात फ्लॅटच्या मालकाला, आणि झोप जाते आजीची. हे दोन वेगळे खातेदार आहेत. एकाच्या खात्यात जमा दाखवून दुसर्‍याचं नुकसान भरून निघत नाही.

जून २०२४ मध्ये तिथले महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जाहीर केलं की शहरातल्या १०,१०१ टुरिस्ट फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे, नव्याने द्यायचे नाहीत. दहा वर्षांत घरभाडी ६८ टक्के वाढली, हे कारण त्यांनीच दिलं. पुढच्याच महिन्यात लोक मोर्चा काढून रस्त्यावर आले आणि काहींनी पर्यटकांवर पिचकार्‍या मारल्या. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरल्या त्या फक्त पिचकार्‍या. भाड्याचा आकडा कोणी फॉरवर्ड केला नाही. मार्च २०२५ मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने यामागचा कातालोनियाचा कायदा कायम ठेवला.

एवढ्याने भाडी धपकन उतरतील असं मी म्हणत नाही. घरटंचाईला इतर कारणंही आहेत, आणि यात हॉटेलवाल्यांचं फावणार हेही दिसतंय. पण राहायचं घर आधी राहणार्‍याला, हा प्राधान्यक्रम चुकीचा आहे का?

त्याच शहरात पार्क ग्वेलजवळून ११६ नंबरची छोटी बस जाते. पर्यटकांच्या गर्दीत वस्तीतल्या म्हातार्‍यांना चढताच येईना. शेवटी २०२४ मध्ये ती बस गूगल मॅप्सवरून काढायला लावली, आणि त्यांना बसायला जागा मिळू लागली. आम्ही आयटीवाले याला वर्कअराउंड म्हणतो. स्वतःच्या गावातली बस नकाशावरून लपवावी लागते, तेव्हा मूळ बग किती मोठा असेल?

आणि बार्सेलोनेता ही वस्ती बसली कशी? अठराव्या शतकात किल्ला बांधण्यासाठी रिबेरा भागातली घरं पाडली. तिथून उठवलेल्यांसाठी म्हणून १७५३ पासून ही आखली गेली. तेव्हा लोकांना राजाने उठवलं. आता आपण उठवतोय, ऑनलाइन बुकिंग करून, आणि वर पाच स्टार देऊन.

'अतिथी देवो भव' मला ऐकवू नका. अतिथी कोणाच्या तरी घरी जातो, घरचा माणूस घरात असताना. आमच्या फ्लॅटमध्ये घरचं कोणीच नव्हतं. किल्ली दाराबाहेरच्या आकड्यांच्या डबीत. आम्ही पाहुणे नव्हतो, गिर्‍हाईक होतो.

निघताना बॅगा उचलून, पावलं न वाजवता जिना उतरलो. मित्रानेही उचलली, तक्रार न करता. आजीचं दार बंदच होतं.

पुढच्या वेळी हॉटेल. खोली लहान असेल, पैसे जास्त जातील. खिचडी काय, घरी येऊन खाता येते :)