जांघेतील जाळी आणि वृषणाविषयीचे मौन

पुरुषाचे वृषण गर्भावस्थेत प्रथम पोटात असते व जन्मापूर्वी जांघेतील एका तिरकस वाटेने खाली उतरते. उतरताना आपल्या रक्तवाहिन्या व रेतवाहिनी यांची दोरीसारखी जुडी ते मागोमाग ओढून नेते. ही वाट दुबळी झाली म्हणजे तीतून आतडे बाहेर डोकावते. यासच अंतर्गळ अथवा हर्निया म्हणतात. तो दुरुस्त करताना शस्त्रवैद्यास ही जुडी हाताळावीच लागते.

अमेरिकेतील लिक्टेनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत दुबळ्या जागी कृत्रिम धाग्याची जाळी बसवितात. टाके ताणले जात नाहीत व अंतर्गळ पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण घटते. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचे येथील डॉ. टोणगावकर यांनी तर निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरून ही सोय गरिबांच्या आवाक्यात आणली.

शस्त्रक्रियेनंतर वृषण सुजले की दोष जाळीच्या माथी मारला जातो. हे अर्धेच खरे. जाळीभोवती वण धरून जुडी आवळली जाऊ शकते, हे मान्य. परंतु वृषण आक्रसण्याची आपत्ती जाळीपूर्वीच्या केवळ टाक्यांच्या काळातही घडतच होती. जुडीतील नाजूक शिरा दुखावतात, त्यांत रक्त गोठते, आणि एक ते पाच दिवसांत वृषण टणक, सुजलेले व अतिशय दुखरे होते. पुढे काही महिन्यांत ते लहानही होऊ शकते. पहिल्याच शस्त्रक्रियेत हे शंभरांत एकाहूनही कमी जणांस होते. पुन्हा त्याच वाटेने चिरल्यास धोका वाढतो. म्हणूनच वृषणकोशात उतरलेल्या मोठ्या पिशवीचा खालचा भाग खरवडून न काढता तेथेच राहू द्यावा, असे जाणकार सांगतात. (कातडी निळसर होणे ही बहुधा साधी रक्ताची साकळ असते, ती आपोआप ओसरते.)

मग उणीव कोठे आहे? रोग्यास हे आधी सांगितले जात नाही. वैद्य संकोचतो, रोगी लाजतो, आणि घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी दुखू लागले तरी तो मुकाट्याने सोसतो. वस्तुतः सांगण्यास सवडही असते. अल्प त्रास असलेल्या पुरुषांनी देखरेखीखाली थांबल्यास चालते, असे अमेरिकेतील २००६ सालच्या चाचणीत आढळले. संमतिपत्रावर ‘वृषण’ हा शब्द स्पष्ट लिहावा, आणि घरी पाठविताना सांगावे, की वेदना व सूज वाढत गेल्यास त्याच दिवशी परत यावे. रक्तप्रवाह दाखविणाऱ्या सोनोग्राफीने वृषणास रक्त पोचते की नाही, हे पाहता येते.